फ्रांझ लिस्ट : वाहवा सोडून स्तोत्राकडे वळलेला वादक



रुपयांच्या दाखल्यात प्रभूने तीन दासांविषयी सांगितले आहे. दोघांनी धन्याच्या पैशावर व्यापार करून नफा धन्यापुढे ठेवला, आणि तिसऱ्याने पैसा जमिनीत पुरून टाकला. परंतु जगात आणखी एका प्रकारचा दास आढळतो. तो धन्याचा पैसा पुरीत नाही. त्यावर मोठा व्यापार करतो, पुष्कळ नफा मिळवितो, आणि तो सर्व आपल्याच कनवटीस लावतो. अशा दासास अर्ध्या वाटेवर आपली चूक कळली, तर त्याने काय करावे? जे आपल्याच मानासाठी कमावले, ते मागाहून धन्यापुढे ठेवता येईल काय? हा प्रश्न मनात धरून आज आपण फ्रांझ लिस्ट ह्या प्रख्यात संगीतकाराचे चरित्र पाहू.

लिस्ट ह्याचा जन्म इ. स. १८११ च्या आक्टोबर महिन्याच्या २२ व्या तारखेस रायडिंग नावाच्या खेड्यात झाला. हे खेडे त्या वेळी हंगेरीच्या राज्यात होते. हल्ली ते ऑस्ट्रिया देशात मोडते. त्याचा बाप अ‍ॅडम हा एस्टरहाझी नावाच्या मोठ्या सरदार घराण्याच्या पदरी नोकर असून मेंढ्यांच्या कळपांची व्यवस्था व हिशेब त्याजकडे असे. तो तरुणपणी काही काळ फ्रान्सिस्कन संन्याशांच्या मठात उमेदवार होता. परंतु ते जीवन सोडून तो संसारात पडला. त्यास संगीताची फार आवड होती, व मुलास त्यानेच पहिले धडे दिले. आईचे नाव अ‍ॅना. ती साधी व भाविक बाई होती.

येथे पियानो हे वाद्य कसे असते ते सांगितले पाहिजे, कारण आपल्या पुष्कळ वाचकांनी ते पाहिले नसेल. बाहेरून त्याच्या पट्ट्या आपल्या बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांसारख्याच दिसतात. परंतु पेटीत भात्याचा वारा असतो, आणि पियानोत ताणलेल्या तारा असतात. पट्टी दाबली म्हणजे नमद्याने मढविलेली लहानशी हातोडी तारेवर आपटते व स्वर उमटतो. पेटीचा स्वर वारा आहे तोपर्यंत टिकतो. पियानोचा स्वर उमटल्याबरोबर विरू लागतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे महत्त्व दिसून येईल.

नऊ वर्षांचा असताना, म्हणजे १८२० साली, फ्रांझने लोकांपुढे प्रथम वादन केले. ते ऐकून हंगेरीतील काही धनवान सरदारांनी त्याच्या शिक्षणासाठी सहा वर्षे पैसा देण्याचे कबूल केले. १८२२ साली बाप त्यास घेऊन व्हिएन्ना शहरी गेला. तेथे कार्ल चेर्नी ह्या नामांकित शिक्षकाने मुलाची बुद्धी पाहून त्यास मोबदला न घेता शिकविले. पुढच्या वर्षी बापलेक पॅरिस येथे गेले. तेथील सरकारी संगीतशाळेने मुलगा परदेशी म्हणून त्यास प्रवेश नाकारला. तरी थोड्याच दिवसांत सर्व पॅरिस त्याचे वादन ऐकण्यास लोटू लागले.

लहानपणापासून ह्या मुलाच्या ठायी भक्तीची ओढ होती. तो तासन्‌तास देवळात प्रार्थना करीत बसे, ‘ख्रिस्तानुकरण’ हा ग्रंथ आवडीने वाची, आणि पाळकाची दीक्षा घेण्याची इच्छा बोलून दाखवी. घरच्यांनी त्यास त्यापासून परावृत्त केले. १८२७ च्या आगस्ट महिन्यात बूलोन येथे बापाचा तापाने अंत झाला. त्या वेळी फ्रांझ पंधरा वर्षांचा होता. स्त्रियांच्या मोहाने मुलाच्या आयुष्यात घोटाळा होईल, अशी भीती बापाने मरतेसमयी व्यक्त केली होती, असे लिस्ट पुढे सांगत असे. ती भीती खरी ठरली.

बापाच्या मागे तो पॅरिसमध्ये शिकवण्या करून आईचे पोषण करू लागला. १८३२ साली पागानिनी नावाच्या इटालियन फिडलवादकाचे अद्भुत कौशल्य त्याने ऐकले, आणि आपणही पियानोवर तसेच करून दाखवावे असा त्याने निश्चय केला. तो रोज कित्येक तास सराव करू लागला. पुढे त्याच्या तोडीचा वादक युरोपात कोणी उरला नाही. लंडनपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत व लिस्बनपासून रशियापर्यंत त्याचे जलसे होऊ लागले. बर्लिन शहरात १८४२ साली लोक त्याच्यासाठी वेडे झाल्यासारखे वागले. त्याचा हातरुमाल किंवा हातमोजा मिळावा म्हणून प्रतिष्ठित घरच्या स्त्रिया झोंबाझोंबी करीत. राजे त्यास पदके देत.

ह्याच काळात तो पापात पडला, हे लपविण्याचे कारण नाही. मारी दागू नावाची एक विवाहित सरदारीण आपला नवरा सोडून १८३५ साली त्याजबरोबर निघून गेली. त्यांस ब्लांदीन, कोसिमा व डॅनिएल अशी तीन मुले झाली. पुढे त्या दोघांचे पटेनासे झाले, आणि मुले आजीजवळ व परक्या शिक्षकांच्या हाताखाली वाढली. बाप गावोगाव टाळ्या घेत फिरत होता, आणि मुलांस त्याचे दर्शन वर्षानुवर्षे होत नसे. तथापि त्याचे अंतःकरण अगदी कठीण झाले नव्हते. १८३८ साली डॅन्यूब नदीस महापूर येऊन पेस्ट शहराची नासाडी झाली, तेव्हा त्याने व्हिएन्नात जलसे करून पूरग्रस्तांस पैसा पाठविला. गरिबांसाठी त्याचा हात नेहमी सैल असे.

१८४७ साली, अवघ्या ३५ व्या वर्षी, कीर्ती शिखरावर असता त्याने पैशासाठी जलसे करण्याचे अजिबात सोडून दिले. पुढे जी ३९ वर्षे तो जगला, त्यांत त्याने लोकांपुढे वाजविले ते बहुधा धर्मकार्यासाठी किंवा गरिबांसाठीच. १८४८ पासून तो जर्मनीतील वायमार येथे दरबारचा संगीतप्रमुख होऊन राहिला, व इतर संगीतकारांच्या नव्या कृती लोकांपुढे आणण्यासाठी झटला.

इतरांच्या कृतींची सेवा करण्याचा एक विशेष मार्ग त्यास साधला होता. त्या दिवसांत गाणे साठवून पुन्हा ऐकविणारे कोणतेही यंत्र नव्हते. मोठा गायकवृंद किंवा वाद्यवृंद ज्या शहरात असेल, तेथील लोकांनीच तो ऐकावा. बाकीच्यांस तो दुर्लभ. लिस्ट हा अशा रचना घेऊन एका पियानोवर दोन हातांनी वाजविता येतील अशा रीतीने लिहून काढी. एका भाषेतील पुस्तक दुसऱ्या भाषेत उतरवावे तसेच हे काम होते. बेथोव्हन ह्याच्या नऊही मोठ्या वाद्यरचना त्याने अशा रीतीने पियानोवर उतरविल्या. परंतु ह्या कामाचा अत्यंत गंभीर भाग पुढे दुःखाच्या शाळेत निर्माण झाला.

ते दुःख असे. त्याचा एकुलता एक मुलगा डॅनिएल हा हुशार व सुशील होता. तो १८५९ च्या डिसेंबरात बर्लिन येथे वयाच्या विसाव्या वर्षी मरण पावला. बाप त्या वेळी त्याच्या बिछान्याजवळ होता. ह्याच सुमारास कॅरोलिन नावाच्या एका राजघराण्यातील स्त्रीशी विधिपूर्वक विवाह करण्याचे लिस्टने योजिले होते. ती विवाहित असून आपला पहिला विवाह रद्द व्हावा म्हणून कित्येक वर्षे रोमन मंडळीच्या अधिकाऱ्यांकडे खेपा घालीत होती. १८६१ च्या आक्टोबराची २२ तारीख, म्हणजे लिस्टचा पन्नासावा वाढदिवस, विवाहासाठी ठरला. रोम येथील देऊळही सजविले गेले. पण आदल्या रात्री निरोप आला व सर्व थांबले. तो विवाह पुढे कधीच झाला नाही. नंतर १८६२ च्या सप्टेंबरात त्याची वडील मुलगी ब्लांदीन ही बाळंतपणानंतर थोड्याच आठवड्यांनी वारली. ती २६ वर्षांची होती.

ज्या मुलांपासून तो दूर राहिला होता, त्यांपैकी दोघांस त्याने तीन वर्षांच्या आत गमावले. अशा वेळी त्याने काय केले? त्याने योहान सेबास्टियन बाख ह्या लुथरन भक्ताच्या एका जुन्या उपासनागीताचा आश्रय घेतला. हे गीत बाखने १७१४ साली वायमार येथेच रचिले होते. ख्रिस्ती मनुष्याच्या रडण्याचा, शोकाचा व भीतीचा त्यात विषय आहे, आणि त्याच्या बुडाशी काही स्वर एकेक पायरी खाली उतरत जातात, जणू कोणी ओझे घेऊन दरीत उतरत आहे. हेच उतरते स्वर बाखने पुढे आपल्या थोर मिस्सा-संगीतात प्रभूच्या वधस्तंभावरील मरणाच्या जागी घातले. लिस्टने ते स्वर घेऊन पियानोसाठी एक दीर्घ रचना केली. तीत ते नाना प्रकारे परत परत येतात. कधी हुंदका, कधी आकांत, कधी केवळ थकलेली कुजबूज. आणि सर्व बोलून संपले म्हणजे शेवटी एक साधे स्तोत्र उमटते. देव जे करतो ते चांगलेच करतो अशा अर्थाचे ते जुने लुथरन स्तोत्र आहे, व बाखनेही आपल्या गीताचा शेवट त्यानेच केला होता. शोक करणाऱ्या बापाने त्या स्तोत्रापुढे आपली विद्या मिरविली नाही.

ह्याच १८६२ साली त्याने आणखी एक रचना केली, व तिचे नाव रोम येथील सिस्टाईन देवळावरून ठेविले. त्या देवळातील गायक कोणतेही वाद्य न घेता गात असत. सतराव्या शतकात अ‍ॅल्लेग्री नावाच्या गायकाने ५१ व्या स्तोत्रास, म्हणजे दाविदाच्या पश्चात्तापाच्या स्तोत्रास, नऊ आवाजांची चाल लाविली होती. ती पवित्र सप्ताहात तेथे गाइली जात असे. तिची नक्कल सहसा बाहेर जाऊ देत नसत. १७७० साली चौदा वर्षांचा मुलगा मोझार्ट ह्याने ती ऐकली व घरी जाऊन आठवणीने लिहून काढिली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच मोझार्टने १७९१ साली, म्हणजे आपल्या मरणाच्या वर्षी, प्रभुभोजनाच्या उपासनेसाठी एक लहानसे लॅटिन प्रार्थनागीत रचिले. कुमारीपासून जन्मलेल्या व आम्हासाठी खरोखर दुःख सोसलेल्या ख्रिस्ताच्या शरीराचे त्यात स्मरण आहे. लिस्टने ही दोन गीते एकापुढे एक ठेविली. पहिल्यात मनुष्याची दीनदशा कण्हत आहे, आणि दुसऱ्यात देवाची दया तीस उत्तर देत आहे, असा त्याने ह्या रचनेचा अर्थ आपल्या एका पत्रात सांगितला आहे.

प्रभुभोजनाविषयी रोमन मंडळीची शिकवण व आमची शिकवण एक नाही. परंतु पापी मनुष्य आक्रोश करतो व कृपा त्यास उत्तर देते, ह्या गोष्टीत आमचा व त्या रचनेचा काहीच तंटा नाही. कारण दाविदाचे स्तोत्र त्यांच्या व आमच्या शास्त्रात एकच आहे.

आता ही रचना कशी वाजवावी हे पाहण्यासारखे आहे, कारण तीत सर्वांसाठी बोध आहे. आरंभी पियानोच्या खालच्या, जड स्वरांत पश्चात्तापाचे गीत निघते. हळूहळू ते वाढत जाऊन त्याचे वादळ होते. पुष्कळ वादक येथेच फसतात. त्यांस वाटते की हे वादळ आपल्या बोटांची चपळाई दाखविण्यासाठी आहे. मग पुढचे मोझार्टचे शांत गीत ते केवळ विसाव्यासारखे उरकून टाकितात. परंतु ते वादळ दाविदाचा आक्रोश आहे. ज्याने ५१ वे स्तोत्र वाचले नाही, त्यास ते वाजविता येणार नाही. त्याच्या हातून नुसता गलबला होईल. आणि मोझार्टचे गीत हा विसावा नव्हे, तर आक्रोशाचे उत्तर आहे. त्या गीतात लिस्टने स्वतःची भर फारच थोडी घातली आहे. तेव्हा वादकानेही तेथे बाजूस सरावे व गीतास गाऊ द्यावे.

दुसरी अडचण वाद्याचीच आहे. गायकाचा आवाज श्वास असेपर्यंत टिकतो, आणि पियानोचा स्वर, वर सांगितल्याप्रमाणे, उमटताच विरू लागतो. म्हणून गायकवृंदाचे गीत पियानोवर वाजविणाराने प्रत्येक स्वर पुढच्या स्वरापर्यंत जणू हाताने धरून न्यावा लागतो. जेथे गाणारे श्वास घेतील तेथे त्याने थांबावे; जेथे शब्द संपत नाही तेथे तोडू नये. वरचा आवाज तेवढा वाजवून मधले आवाज बुडवू नयेत, कारण गायकवृंदात मधल्या रांगेतला मनुष्यही प्रार्थनाच करीत असतो. शब्द ऐकू येत नाहीत, म्हणूनच वादकाच्या मनात ते असले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट अशी की, ह्या रचनेत कृपेचे गीत एकदा झाल्यावर सर्व संपत नाही. खालचे अंधारे स्वर पुन्हा परत येतात, जरी पूर्वीपेक्षा थोडा वेळ. आणि कृपेचे गीत पुन्हा एकदा गाइले जाते. मग शेवट मोठ्या आवाजाने नव्हे, तर शांतपणे होतो. क्षमा मिळालेल्या मनुष्यासही आपले जुने पाप पुन्हा आठवते, आणि कृपा दुसऱ्यांदाही थकत नाही, हे ज्यास अनुभवाने ठाऊक आहे तो वादक हा भाग बरोबर वाजवील. पुढे १८८७ साली चायकोव्हस्की ह्या रशियन संगीतकाराने लिस्टने उतरविलेले हे मोझार्टचे गीत घेऊन मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिले.

१८६३ साली लिस्ट रोमजवळील मॉन्ते मारिओ टेकडीवरच्या एका मठातील खोलीत राहावयास गेला. १८६५ च्या एप्रिल महिन्यात त्याने डोक्याचे केस विधिपूर्वक कातरून घेतले, व जुलै महिन्यात रोमन मंडळीच्या सेवकवर्गातील खालच्या पायऱ्यांची दीक्षा घेतली. तो पूर्ण पाळक कधीच झाला नाही. मिस्सा अर्पण करण्याचा किंवा पापांगीकार ऐकण्याचा अधिकार त्यास नव्हता. तरी तेव्हापासून तो काळा झगा घालू लागला. पुष्कळांनी त्याची थट्टा केली व हेही एक नाटकच आहे असे म्हटले. थट्टेस जागा नव्हती असेही नाही. स्तुतीची आवड त्याजमधून समूळ गेली नाही, आणि म्हातारपणी मद्याची सवयही त्यास जडली. परंतु १८६९ पासून मरेपर्यंत तो रोम, वायमार व बुडापेस्ट ह्या तीन शहरांत फिरत राहिला, आणि देशोदेशींहून आलेल्या शेकडो विद्यार्थ्यांस त्याने एक पैसाही न घेता शिकविले. चेर्नीने लहानपणी आपणास जे फुकट दिले, ते त्याने फुकटच दिले.

उतारवयात त्याचे संगीत अधिकाधिक साधे होत गेले. १८७८-७९ च्या सुमारास त्याने काही जुनी जर्मन स्तोत्रे पियानोसाठी सरळ रीतीने मांडली. ह्याच वेळी त्याने प्रभूच्या वधस्तंभाच्या वाटेवरील चौदा प्रसंगांचे संगीत पुरे केले व ते केवळ पियानोवर वाजविता येईल असेही लिहिले. त्यात कित्येक ठिकाणी एका वेळी एकच स्वर वाजतो. ज्या हातांनी युरोपास वेड लाविले होते, ते हात आता एकेक स्वर मोजून ठेवीत होते. आणि आश्चर्य हे की, ह्या रोमन सेवकाने त्यात पौल गेरहार्ट ह्या लुथरन पाळकाचे प्रभूच्या रक्ताळलेल्या मस्तकाविषयीचे स्तोत्र घातले. हे संगीत त्याने रेगेन्सबुर्ग येथील एका प्रकाशकाकडे पाठविले, तेव्हा त्याने ते नाकारिले. लिस्टच्या हयातीत ते लोकांपुढे झालेच नाही. १९२९ साली, त्याच्या मरणानंतर ४३ वर्षांनी, बुडापेस्ट येथे उत्तम शुक्रवारी ते प्रथम गाइले गेले. ज्याने तरुणपणी प्रत्येक स्वराबद्दल लागलीच टाळी घेतली, त्याने म्हातारपणी टाळीची वाट न पाहता आपले अतिशय प्रामाणिक काम करून ठेविले.

१८८६ च्या जुलै महिन्यात तो आपली हयात मुलगी कोसिमा हिच्याकडे बायरॉइट येथे गेला. तेथे त्यास फुप्फुसाचा दाह झाला, व ३१ जुलै रोजी वयाच्या ७४ व्या वर्षी तो मरण पावला. त्यास त्याच गावी पुरले.

वाचकहो, आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे आपण पुन्हा येऊ. लिस्टची चुकलेली वर्षे त्यास परत मिळाली नाहीत. मुलांचे बालपण त्यास पुन्हा पाहता आले नाही. परंतु मानासाठी कमावलेली तीच दहा बोटे होती, व तोच पियानो होता. आणि त्यांच्याच द्वारे ५१ वे स्तोत्र गायकवृंद नसलेल्या घरांत जाऊन पोहोचले. धन्याने त्या उशिरा आणलेल्या नफ्याचा स्वीकार कसा केला, हे धनीच जाणतो. आणावा की नाही, ह्याविषयी मात्र आपणास संशय नसावा.

आणि उपदेशक बंधूंनो, आपलेही काम ह्याच जातीचे आहे. शास्त्रवचन आपले स्वतःचे नव्हे; ते आपणास दुसऱ्याच्या भाषेत, शेतावरून थकून आलेल्या लोकांच्या कानांत उतरवावयाचे असते. कोणाजवळ एक जुनी पेटी असते, कोणाजवळ टाळ, कोणाजवळ केवळ आपला आवाज. तेथे वादळासारखे बोलून आपली विद्वत्ता दाखविण्याचा मोह होतो, व कृपेचा भाग घाईने उरकला जातो. येत्या रविवारी बोलावयास उभे राहण्यापूर्वी आपण क्षणभर थांबून पाहावे की, लोकांनी आपणास ऐकावे अशी आपली इच्छा आहे, की आपल्या द्वारे प्रभूस ऐकावे अशी आहे. प्रभू आपणा सर्वांस बाजूस सरण्याची कृपा देवो.